जीपवरचं दळण

माझ्या नावावर अर्धी जीप आहे. लोकांना वारसाहक्कात शेत मिळतं, आईच्या पाटल्या मिळतात. मला बाबांचं लोहाऱ्याचं घर मिळालं आणि अर्धी जीप मिळाली. उरलेली अर्धी दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर राहणाऱ्या काकांची आहे. बाबा असेपर्यंत मी या जीपकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि ते गेल्यावरही चार वर्षं पाहिलं नाही. मग बाभुळगावच्या शाळेतून मी निवृत्त झाले. जन्मभर मुलांवर ओरडायची सवय, ती आता शेजाऱ्यांवर निघायला लागली. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, कुठंतरी जाऊन ये बरं तू." म्हणून एका सकाळी एसटीत बसले आणि तांड्यावर गेले. जीप विकून टाकू आणि मोकळे होऊ, एवढंच काकांना सांगायचं ठरवलं होतं.

हे काका रक्ताच्या नात्याचे नव्हेत. ते बंजारा. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचे. पुढे तांडा एका जागी स्थिरावला आणि सगळे शेतीला लागले. काकांच्या वडिलांनी ही जीप कुठल्याशा सरकारी शेतीफार्मच्या लिलावात घेतली होती. काही वर्षांनी तिचा अर्धा हिस्सा त्यांनी माझ्या बाबांना दिला, आणि दोघांनी मिळून दारव्ह्याच्या बाजाराला माणसं ने-आण करायचा धंदा सुरू केला. काका तेव्हा पोरगेले होते. मिसरूड फुटल्यावर ते स्टिअरिंगवर बसले, ते केस पांढरे होईपर्यंत उठले नाहीत.

दारव्ह्याच्या स्टँडवर काकांना सगळे 'गिरणीवाले' म्हणायचे. काका कुणालाही, अगदी पहिल्यांदा जीपमध्ये बसलेल्या सवारीलाही, एक गोष्ट सांगायचे: या जीपच्या मागे एक चाक होतं, त्या चाकावर पट्टा चढवून माझ्या बापानं गिरणी चालवली आणि अख्ख्या तांड्याचं दळण दळून दिलं. तांड्यावर वीज यायच्या आधीची गोष्ट, दोनच हंगाम चाललेली. बाजूच्या गावात विजेची गिरणी आल्यावर ते बंद झालं. पुढे जीपला लांब सीट बसवताना ते चाक लोहाऱ्याच्या एका वर्कशॉपात काढलं, आणि भंगारात गेलं म्हणे. आता जीपच्या मागे चाक नव्हतं आणि चाकाची खूणही दिसत नव्हती. ते दळण खाल्लेल्या दोन बाया तांड्यावर होत्या आणि त्या छातीवर हात ठेवून सांगायच्या, पण स्टँडवरच्या पुरुषांनी बायांची साक्ष कधी धरली आहे? त्यामुळे काकांची गोष्ट थाप ठरली, आणि जीप म्हणजे भंगारातून जुळवलेली जोडतोड ठरली.

या चेष्टेचे म्होरके माझे बाबा. स्टँडवर आले की हटकून विचारायचे, "काय रे, पायलीभर ज्वारी आणू काय दळायले?" चहाच्या टपरीवर हशा पिकायचा. काका फडकं घ्यायचे आणि समोरची काच पुसत राहायचे. मी बाबांचा हात धरून तिथे उभी असायचे आणि सगळ्यांच्या बरोबरीने हसायचे. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तर तांड्यावर गेले. कडुनिंबाखाली जीप उभी होती. सवारीचा धंदा बंद पडून बरीच वर्षं झाली होती, टायर बसले होते, टपावर कोंबड्या चढत होत्या, तरी पत्र्यावर धूळ नव्हती. काका रोज सकाळी तिला पुसत होते. चहा झाला आणि मी मुद्द्यावर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ईक ना," ते म्हणाले. "तुही अर्धी ईक. कोनती घेतं, इंजिनाकडची का मागची?"

"काका, मी मजाक नाई करून राह्यली."

"मीबी नाई करून राह्यलो, बेटा." मग ते जीपकडे वळले. "एक साल दे मले. सत्तरी उलटली माही. मी गेलो का माह्या बापाचा शब्द कायमचा खोटा राह्यला समज. एक डाव हिच्यावर दळून दाखवतो. मंग तुले जे कराचं ते कर."

मी पडले मास्तरीण. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही हे तीस वर्षं शिकवलेलं. मी तिथेच त्यांची उलटतपासणी सुरू केली. तुम्ही स्वतः पाहिलं होतं का? पाहिलं होतं, पाचसहा वर्षांचा होतो. चाक केवढं होतं? त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं, पायलीपेक्षा थोडं मोठं. लोक बैलगाडीच्या चाकाएवढं काहीतरी मनात धरून हसत होते, आणि केवढं होतं हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग मी विचारलं, पट्टा कसा होता?

"तिढा होता त्याले," काका म्हणाले. "मधात एकमेकावरून गेलता. मी इचारलं बापाले, हा पट्टा असा येडावाकडा काहून घातला? त बाप म्हने, सरळ घातला का गिरनी उलटी फिरते."

सरळ पट्टा दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरवतो, तिढा दिला की दुसरं चाक उलट फिरतं. हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढत आले होते. थाप मारणारा माणूस चाक मोठं करून सांगेल, दळण मणामणाने वाढवून सांगेल. पट्ट्याचा तिढा त्याला सुचणार नाही. परतीच्या एसटीत बसल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आलं की काका खरं बोलत असतील. दुसऱ्या दिवशी फोन करून मी त्यांना वर्ष दिलं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने जीपचे फोटो कुठल्यातरी ग्रुपवर टाकले, आणि आठ दिवसांत नागपूरहून एक दातांचे डॉक्टर थेट तांड्यावर येऊन धडकले. जुन्या जीपांचं त्यांना वेड. पांढऱ्या पँटवर तसेच जीपखाली उताणे शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते घामाघूम, आणि पँटची दशा बघून माझ्याच जिवाला लागलं. त्यांनी काकांना सीटखालचा एक पत्र्याचा तुकडा काढायला लावला. तो वेल्डिंग मारून बसवलेला होता. काकांनी छिन्नीने हळूहळू कडा सोडवल्या, तर खाली जीपच्या तळपत्र्यात एक फट, आणि फटीत कापलेल्या दांड्याचं बोटभर टोक.

"मॅडम, साध्या जीपला ड्रायव्हरच्या हाताशी तीन दांडे असतात," डॉक्टर म्हणाले. "हा चौथा आहे. जीप उभी ठेवायची, हा दांडा ओढायचा, की इंजिनाची ताकद मागच्या बाजूला जाते. मागे पट्ट्याचं चाक लावायचं आणि पंप चालवा, कडबा कापा, काही पण करा. ही शेतीसाठी बनलेली जीप आहे. फार कमी बनल्या. मी आजपर्यंत फक्त फोटो पाहिले होते."

"दळन?" काकांनी एकच शब्द विचारला.

"दळण पण होऊ शकतं, काका. पण ते चाक पाहिजे ना."

काका उठले आणि आतून पाणी घेऊन आले. डॉक्टरांना दिलं, मला दिलं, मग स्वतः प्यायले.

डॉक्टरांना आणखी एक गोष्ट हवी होती. गाडीची जात आणि नंबर लिहिलेली पाटी डॅशबोर्डवर असते, ती वाचता आली तर कागदोपत्री पक्कं होणार होतं. पाटी होती, पण ती शेंदराखाली गेली होती. काकांच्या आईने, त्यांच्या बोलीत याडीने, पहिल्या दसऱ्याला जीपची पूजा करताना कपाळ समजून त्या पाटीलाच शेंदूर लावला. पुढच्या दसऱ्याला त्यावर दुसरा हात. तेलात कालवलेला शेंदूर, वर्षानुवर्षांचा, वाळून बोटभर जाडीचं कवच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, दातांवरचा मळ काढायच्या हत्याराने अलगद निघेल. काकांनी मान हलवली. देवाचं कवच माणसाने काढायचं नसतं, ते सुटायचं तेव्हा आपोआप सुटतं.

इथे मी माती खाल्ली. पुढच्या खेपेला डॉक्टर ते हत्यार जीपमध्येच विसरून गेले होते आणि काका बांधावर गेले होते. मला वाटलं, कोपऱ्यातून एवढंसं खरवडून बघू, कुणाला कळणार आहे? दोन अक्षरं दिसली की काकांनाच आनंद होईल. मी हत्यार टेकवलं आणि तांदळाएवढी कपची उडाली. मागे काका उभे होते.

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्याशी मी दोन हात करू शकते. त्यांनी खाली वाकून ती कपची शोधली, तळहातावर घेतली आणि म्हणाले, "बापाचा शब्द खरा कराले याडीचा हात पुसून टाकू काय मी?" मग घरात निघून गेले. मी जीपजवळ तशीच उभी राहिले आणि शेवटच्या गाडीने परत आले. पंधरा दिवस त्यांना फोन करायचीही माझी हिंमत झाली नाही. सोळाव्या दिवशी त्यांचाच आला. "मास्तरीन, येतं का नाई? इंजिन काढाचं हाय." त्या गोष्टीचा त्यांनी पुन्हा उच्चार केला नाही, मीही केला नाही.

त्यानंतर जे काम मी पाहिलं त्याबद्दल किती लिहू असं होतं. सवारीच्या दिवसांत बाबांच्या आग्रहाने जीपला डिझेलचं इंजिन बसवलं होतं. मूळचं पेट्रोलचं इंजिन काकांनी तुरीच्या तुराट्यांनी शाकारलेल्या गुरांच्या कोठ्यात ठेवलं होतं, ताडपत्रीत गुंडाळून. मला वाटलं गंजून दगड झालं असेल. काकांनी हँडल लावलं आणि ते एका हाताने फिरलं. दर अमावस्येला हा माणूस त्यात तेलाचे चार थेंब टाकून ते हाताने फिरवून ठेवत आला होता. इतकी वर्षं, एकही अमावस्या न चुकवता. कशासाठी, म्हणून मी विचारलं. "फिरत राह्यलं का जिवंत राह्यते," ते म्हणाले. माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत साधे तराजू पाच वर्षं धड राहिले नाहीत, आणि मी स्वतःला शिस्तीची समजत होते.

दुसरी गोष्ट त्यांच्या दोऱ्यांची. गाडी खोलताना काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट ते सुतळीत ओवायचे, काढलेल्या क्रमाने. पुढच्या भागाची एक गाठ, मागच्या भागाची दोन, डाव्या बाजूची गाठ आडवी. त्यांच्या आज्याच्या काळी बैलावर लादलेल्या गोण्या अशाच गाठींनी बांधायचे, म्हणजे अंधारातही कुठली गोणी कुणाच्या दारात उतरवायची ते बोटांना कळायचं. मला हे फार गबाळं वाटलं. मी वही आणली, चिठ्ठ्या आणल्या, बोल्टांना क्रमांक दिले आणि सगळं ओळीने पत्र्यावर मांडलं. दुपारी कोंबड्यांनी चिठ्ठ्या विस्कटल्या आणि दोन खाल्ल्या. काका हसले नाहीत, पण त्यांची सून पदर तोंडात धरून आत पळाली. पुढे गाडी जुळवताना काका डोळे मिटून दोरीवरून बोटं फिरवायचे आणि नेमका बोल्ट काढून द्यायचे. एकही शिल्लक उरला नाही, एकही कमी पडला नाही. माझी वही मी गुपचूप पिशवीत टाकली.

कोठ्यात त्यांच्याजवळ एक लांब लोखंडी कांडी होती, तिच्या टोकाला एक जड खोकं. ती जीपचीच, एवढं त्यांना माहीत होतं, पण कशाची ते कधी कळलं नव्हतं. डॉक्टरांनी ती पाहिली आणि जमिनीवरच बसले. चौथा दांडा ओढला की ताकद याच कांडीतून मागे जाते, आणि चाक या खोक्यावर बसतं. म्हणजे सगळं होतं. फक्त चाक नव्हतं.

आम्ही चाक शोधायला लागलो. लोहाऱ्यातलं प्रत्येक भंगाराचं दुकान मी पालथं घातलं. दुकानदार मला ओळखायला लागले. डॉक्टरांनी नागपूर, अमरावती, कुठे कुठे विचारलं. काही मिळालं नाही. शेवटी मी म्हटलं, लोहाऱ्यात चांगले लेथवाले आहेत, मापं आहेत, नवीन चाक घडवून घेऊ. काकांनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"चाक होईन," ते म्हणाले. "पन ते माह्यं चाक होईन, बेटा. माह्या बापाचं नाई. स्टँडवरचे म्हनतीन, गिरनीवाल्यानं थाप खरी कराले चाक घडवलं."

त्यांचं बरोबर होतं. मी त्या स्टँडवर वाढलेली. तिथे काय म्हणतील हे मला त्यांच्याइतकंच माहीत होतं. जीप चालू झाली, इंजिन एका फटक्यात सुरू व्हायला लागलं, रंगही मूळचाच दिला, पण काका तिच्यात बसत नव्हते. पुसायचे आणि बाजूला व्हायचे.

अक्षय तृतीयेला आमच्या लोहाऱ्याच्या घरी नवा माठ येतो. आमच्या मागच्या दाराशी, सावलीत, माठाची बैठक आहे. बुटकी, गोल, मधोमध भोक असलेली, त्यामुळे माठाचं बूड तीत नीट बसतं. मला कळायला लागल्यापासून ती तिथेच आहे. दर दिवाळीला भिंतीबरोबर तिच्यावरही चुन्याचा हात फिरतो, म्हणून मी ती सिमेंटची समजत होते. त्या सकाळी जुना माठ उचलताना हातातून निसटला आणि बैठकीवर आपटून फुटला. खाली ठण्ण असा आवाज आला.

चुन्याचा एक पापुद्रा सुटला होता. आत लोखंड. मी गुडघ्यावर बसले आणि खापरीने चुना खरवडायला लागले. या वेळी मला अडवायला कुणी नव्हतं. कडेपासून मधल्या भागाकडे तळहात फिरवला. मध्ये फुगीर. अगदी थोडं, पण फुगीर. पट्ट्याचं चाक मध्ये मुद्दाम फुगीर ठेवतात, म्हणजे फिरताना पट्टा घसरून पडत नाही. हेही मी दरवर्षी शिकवलं होतं. आणि दरवर्षी उन्हाळ्यात शाळेतून घरी येऊन त्याच चाकावरच्या माठातलं पाणी प्याले होते.

मी त्या ओल्या खापऱ्यांतच बसून राहिले. मग बाबांचं एक वाक्य आठवलं. पाहुण्यांना ते कौतुकाने सांगायचे, "जीपमागचं लोढणं काढून टाकलं म्हणून दोन सवाऱ्या वाढल्या." लोढणं म्हणजे हे. वर्कशॉप घराजवळच, म्हणून निघालेलं लोढणं ते घरी घेऊन आले आणि त्यावर माठ ठेवला. बाबांनी जाणूनबुजून केलं असं मला अजूनही वाटत नाही. त्यांच्या लेखी ते लोढणं होतं आणि काकांचं चाक म्हणजे काहीतरी मोठं, गोष्टीतलं. केवढं होतं रे, एवढं विचारलं असतं तर झालं असतं. न विचारता जन्मभर हसले. मी आत जाऊन त्यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते इथे लिहीत नाही.

चाक जुन्या लुगड्यात गुंडाळून मी एसटीत बसले. कंडक्टरने काय आहे म्हणून विचारलं, मी म्हटलं, देव आहे. तो सरकून उभा राहिला.

काका अंगणातच होते. मी गाठोडं त्यांच्यासमोर ठेवून सोडलं. कुठे सापडलं, कुणी ठेवलं होतं, बाबा काय म्हणायचे, सगळं एका दमात सांगून टाकलं, कारण थांबले असते तर सांगता आलं नसतं. काकांनी कोठ्यातून खोकं आणलं, त्याच्या तोंडाजवळ अंगठ्याने वंगण पुसलं. तिथे छिन्नीने मारलेल्या दोन तिरप्या खुणा होत्या. मग चाकाच्या आतल्या बाजूचा चुना नखाने काढला. तिथेही दोन तिरप्या खुणा. त्यांनी चाक खोक्यावर ठेवलं, खुणेला खूण लावली, आणि ते सरकन आत बसलं.

बराच वेळ ते फडक्याने चाक पुसत होते. काच पुसायचे तसंच, खालून वर. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पानी चांगलं गार राह्यत असंन तुमच्या घरी."

मला रडू आलं. भरपूर आलं. काकांची सून बाहेर आली आणि मला आत घेऊन गेली.

दळायचा दिवस ठरला तो उन्हाळ्यातलाच. दारव्ह्याच्या एका गिरणीवाल्याकडे पट्ट्यावर चालणारी जुनी गिरणी धूळ खात पडली होती, ती त्याने आनंदाने दिली. डॉक्टर कॅमेरा घेऊन हजर. त्यांची एक कुरकुर होतीच, की पाटी वाचल्याशिवाय ही जीप अशा जीपांच्या यादीत पक्की चढणार नाही. पाटी तशीच शेंदराखाली आहे. तिच्यावर काय लिहिलं आहे ते आम्हाला अजून माहीत नाही. स्टँडवरचे जुने तीन-चार ड्रायव्हर काकांनी मुद्दाम बोलावले होते. ते कडुनिंबाखाली ओळीने उभे होते, हाताची घडी घालून.

काकांनी जीप उभी केली, चारही चाकांना दगड लावले आणि पट्ट्याला तिढा देऊन तो चढवला. एक ड्रायव्हर म्हणाला, "उलटा चढवला ना तो." काकांनी लक्ष दिलं नाही. इंजिन सुरू केलं, नवा बसवलेला चौथा दांडा धरला आणि क्षणभर थांबले. मग ओढला. मागचं पट्ट्याचं चाक फिरायला लागलं, पट्टा मध्यावर येऊन बसला, आणि गिरणी फिरली. सुलटी फिरली. काकांनी ओंजळभर ज्वारी टाकली. थोडा वेळ नुसता आवाज आला, मग खालच्या डब्यात पांढरं पीठ पडायला लागलं. काकांनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. ज्या दोन बायांनी ते दळण खाल्लं होतं त्यांतली एक अजून आहे. तिला खाटेवर आणून बसवलं होतं. पहिला डबा तिचा होता, मग तांड्यातल्या बाकी घरांचे.

माझाही एक डबा होता. आता ज्वारी पेरतं कोण? दारव्ह्याच्या बाजारात शोधून शोधून पायलीभर घेतली होती. डबा हातात घेऊन मी जीपजवळ गेले. जे म्हणायचं ते रात्रभर मनात घोळवलं होतं. स्टँडवर बाबा म्हणायचे तेवढ्याच मोठ्याने मी म्हटलं, "काका, पायलीभर ज्वारी आणली दळायले."

निंबाखाली कुणी हसलं नाही. एका ड्रायव्हरने मान खाली घातली. इंजिनाचा आवाज चालूच होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि फडक्याने हात पुसले.

"रांगेत ठेव म्हना तुह्या बापाले," ते म्हणाले. "नंबर आला का भेटन दळून."

मी डबा रांगेत ठेवला. माझ्यापुढे सहा डबे होते.